रोव्हर अचूक, पण सुरुवात कुठून?

रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जमीन मोजायचं यंत्र, आल्यामुळे मोजणीतली लबाडी संपेल, असं एका लेखात वाचलं; ते अजिबात पटलं नाही. यंत्र बिंदू अचूक देतं, पण कोणता जुना हद्दीचा दगड धरून मोजायचं हे भूकरमापकच, म्हणजे मोजणीला येणारा सरकारी कर्मचारीच, ठरवतो. आमच्या मोजणीला साहेब मोजणीचा अर्ज करणाऱ्या शेजाऱ्याच्याच गाडीवरून आले, जेवलेही त्याच्याकडे. मी बांधातला हद्दीचा दगड दाखवायला गेलो, तर "नंतर बघू" म्हणाले, आणि खुणा आमच्याकडे 4 फूट सरकल्या. 300 फुटांच्या बांधावर हे गुंठ्याहून जास्त होतं हो!

वडिलांच्या वेळचे भूकरमापक साखळीनेच मोजायचे. पण एक टोक आमच्या हातात, दुसरं शेजाऱ्याच्या. चहा मात्र दोघांकडचाही घेत नसत, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं.