इथे कोण बोलत आहे?

आज भाचीने सोडवलेली एसीटीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, इंग्रजी विभागाची सराव-प्रश्नपत्रिका तपासली आणि तेव्हापासून माझे डोके ठणकत आहे. उतारा मधमाश्यांवर होता. पोळी ओस पडत चालल्याचे एका संशोधिकेच्या कसे लक्षात आले, हे त्यात साध्या, संयत भाषेत सांगितले होते. उताऱ्यातल्या अधोरेखित शब्दांच्या जागी निवडायला, तिला काळजी वाटू लागली, एवढ्याच अर्थाचे पर्याय समोर होते. एकात ती ‘फ्रीक्ड आउट’ झाली होती, एकात सरळ ‘वरीड’ होती आणि एकात तिचे अंतःकरण जणू विषादाच्या गर्तेत बुडाले होते. भाचीने बोलीतला पर्याय बरोबर फेटाळला आणि थेट त्या गर्तेत उडी घेतली. का, असे विचारले तर म्हणाली, “मावशी, परीक्षा आहे ना, मग भारी शब्दच बरोबर असणार.”

यात मी तिला दोष देत नाही, कारण जड शब्द म्हणजे चांगले इंग्रजी ही समजूत आपणच घरोघरी जोपासली आहे. नववीत सायकलवरच्या निबंधात ‘मी निघाले’ एवढेच सांगायचे असताना मी ‘आय कमेन्स्ड माय जर्नी’ असे लिहिले होते. काकांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतले. बाईंनी मात्र त्याखाली पेन्सिलीने नागमोडी रेघ ओढली आणि समासात लिहिले, “इथे कोण बोलत आहे?” व्याकरणाची एकही चूक नसताना गुण कापले, याचा राग मी कित्येक वर्षे बाळगला.

मराठीत कुठे कोणता शब्द शोभतो ही जाण आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. माणूस जातो, वारतो, निवर्ततो, कैलासवासी होतो किंवा खपतो. घटना एकच, पण शेजारणीला दारात सांगताना आपण ‘निवर्तले’ म्हणत नाही आणि शोकसभेच्या पत्रकात ‘खपले’ छापत नाही. मग इंग्रजीची वेळ आली की हा कान आपण कुठे गहाण ठेवतो?

त्यात शिकवणीवाल्यांचा मंत्र असा की फक्त अधोरेखित भाग पाहा आणि सर्वांत आखूड पर्याय निवडा. शब्दपाल्हाळ टाळण्याच्या प्रश्नांत ही युक्ती पुष्कळदा लागू पडते, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु अधोरेखित शब्दांत सूर सापडणार कसा? तो मागच्या चार वाक्यांत असतो, आणि तीच वाक्ये वाचू नका असे मुलांना पैसे घेऊन सांगितले जाते! वेळ नसतो म्हणावे, तर एसीटीच्या या विभागात पूर्वी 45 मिनिटांत 75 प्रश्न होते, 2025 पासूनच्या नव्या रचनेत 35 मिनिटांत 50 आहेत, म्हणजे एका प्रश्नाला 36 ऐवजी 42 सेकंद मिळतात. वाढलेल्या त्या सहा सेकंदांत मागचे एक वाक्य तरी नक्कीच वाचून होते. सॅट या तशाच दुसऱ्या प्रवेशपरीक्षेने तर संगणकावर जाताना लांब उतारेच काढून टाकले. आता एका छोट्या उताऱ्यावर एकच प्रश्न असतो, त्यामुळे लेखकाचा सूर पानभर धरून ठेवण्याची कसोटी तिथे उरलेली नाही. मला याचे मनापासून वाईट वाटते, मग तुम्ही मला जुनाट म्हणा.

इतके लिहिल्यावर राग थोडा निवळला आहे. बाईंनी ते वाक्य खोडले नव्हते, बरोबर शब्दही सुचवला नव्हता, हे मला आज पहिल्यांदाच जाणवले. त्यांनी फक्त विचारले होते. म्हणून मीही भाचीच्या त्या उत्तराखाली पेन्सिलीने नागमोडी रेघ ओढली आणि तेच चार शब्द लिहिले. तिने आधी माझ्याकडे रागाने पाहिले, मग उतारा पहिल्यापासून पुटपुटत वाचला आणि काही न बोलता खोडरबर उचलले. पुढच्या उताऱ्यात एक मुलगा आपल्या पहिल्या स्केटबोर्डची गोष्ट स्वतः सांगत होता. तो अर्धा वाचून ती थांबली आणि म्हणाली, “मावशी, हा मुलगा ‘वरीड’ म्हणेल, पण ‘कमेन्स्ड’ कधीच म्हणणार नाही, हो ना?”