वाक्प्रचारांच्या जोड्या पाठ करून स्पॅनिश येत नाही

स्पॅनिश शिकणाऱ्यांमध्ये सध्या एक यादी हातोहात फिरते आहे. डावीकडे पन्नास इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे त्यांचे स्पॅनिश जोडीदार आणि वर तीन दावे: इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः नेला की चुकतोच, प्रत्येकाला स्पॅनिशमध्ये एकच ठरलेला पर्याय असतो, आणि तो पाठ केला की भाषांतर झालं. यादीतले स्पॅनिश शब्द बरेचसे बरोबर आहेत. दावे मात्र तिन्ही चुकीचे आहेत. मी स्पॅनिश शिकवते, त्यामुळे त्यांचे परिणाम मला वह्यांमध्ये दिसतात.

पहिला दावा लवकर निकालात निघतो. 'ब्रेक द आइस' स्पॅनिशमध्ये 'रोम्पेर एल येलो' होतं, म्हणजे बर्फ फोडणंच. मगरीचे अश्रू तिथेही मगरीचेच, 'लाग्रिमास दे कोकोद्रिलो'. दोन्ही जुने आहेत; डच विद्वान इरॅस्मसने 1500 सालापासून वाढवत नेलेल्या ग्रीक-लॅटिन म्हणींच्या संग्रहात दोन्ही सापडतात. एका दगडात दोन पक्षी मारायचे तर 'मातार दोस पाहारोस दे उन तिरो', फक्त दगडाऐवजी एका बारात. मुसळधार पावसातली इंग्रजी कुत्री-मांजरं स्पॅनिशमध्ये नेता येत नाहीत हे खरं, तिथे 'आ कान्तारोस', घागरींनी पाऊस पडतो. पण तेवढ्यावरून नियम बनत नाही.

दुसरा दावा जास्त नुकसान करतो. 'वन्स इन अ ब्लू मून' घ्या, म्हणजे आपलं क्वचित कधीतरी. स्पेनमध्ये म्हणतात 'दे पास्क्वास आ रामोस', ईस्टरपासून झावळ्यांच्या रविवारपर्यंत. झावळ्यांचा रविवार ईस्टरच्या आठवडाभर आधी येतो, म्हणून ईस्टर उलटला की त्याची वाट जवळजवळ वर्षभर पाहावी लागते. वसईच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. तिथेच 'दे इगोस आ ब्रेबास' असंही म्हणतात: अंजिराचं एकच झाड उन्हाळ्याच्या सुरुवातीला ब्रेबास देतं आणि उन्हाळा सरताना इगोस, इगोस संपल्यावर पुढच्या ब्रेबासपर्यंत मोठा काळ जातो. अर्जेंटिनात याच अर्थाने 'कादा मुएर्ते दे ओबिस्पो' ऐकू येतं, दर बिशपच्या मरणाला एकदा. यातला 'ठरलेला' पर्याय कोणता?

आणि देश चुकला तर नुसतं परकं वाटून भागत नाही. बैलाला शिंगांनी धरणं स्पेनमध्ये 'कोहेर एल तोरो पोर लोस कुएर्नोस'. हेच 'कोहेर' क्रियापद मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात संभोगासाठीचा उघडा शब्द आहे. तिथे 'तोमार' किंवा 'आगार्रार' वापरायचं. यादीत याबद्दल अक्षर नाही, याचा मला खरोखर राग येतो, कारण तोंडघशी पडतो तो यादीवर भरवसा ठेवणारा विद्यार्थी.

तिसरा दावा, पाठ केलं की झालं. 'पुलिंग माय लेग'समोर यादीत 'तोमार एल पेलो' आहे, शब्दशः केस घेणं. हलकी थट्टा असेल तर जोडी जमते. पण दुकानदाराने अवाच्या सवा पैसे लावले की स्पॅनिश माणूस हेच वाक्य चिडून म्हणतो, आणि तिथे इंग्रजी पाय फार सौम्य पडतो. मराठी विद्यार्थ्याने इंग्रजीचा वळसा घेण्याऐवजी 'शेंडी लावणे' आठवावं. केसही आहेत आणि फसवणूकही.

'किक द बकेट', म्हणजे मरणं, याच्यासमोर 'एस्तिरार ला पाता' दिलं आहे, तंगडी ताणणं. 'पाता' हा जनावराचा पाय. माणसाच्या पायाला 'पिएर्ना' म्हणतात. मित्रांच्या गप्पांत हा वाक्प्रचार चालतो. पण कुणाच्या आजोबांच्या निधनावर सांत्वनाचं पत्र लिहायचं असेल, तर यादी मिटून ठेवावी आणि साधं 'फायेसिओ' लिहावं.