म्हणे सहा महिने तोंड उघडायचं नाही!

जर्मन शिकणाऱ्या नर्सिंगच्या पोरींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मलाही तिघीचौघींनी पाठवला. परदेशी भाषा शिकताना पहिले सहा महिने बोलू नका, लिहू नका, नुसतं ऐका नि वाचा, शब्द आपोआप साठतात, बाळ असंच शिकतं, आधी बोललात तर चुका पक्क्या होतात.

आपोआप साठतात? मग सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू शेजाऱ्यांत जन्म काढलेल्या मराठी माणसाला तेलुगू फाडफाड यायला पाहिजे की! रोज कानावर पडतं, शेजारी भांडण कशावरून चाललंय तेबी कळतं, पण उत्तर द्यायची वेळ आली की गाडी मराठीवर. कॅनडात फ्रेंच माध्यमात वर्षानुवर्षं शिकलेल्या इंग्रजी घरच्या पोरांचं हेच झालं, ऐकलेलं छान कळायचं, बोलण्यालिहिण्यात मात्र कच्ची, आणि त्यावरूनच भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसत्या ऐकण्यावाचण्यावर भागत नाही.

का भागत नाही ते बघा. 'फेअरबांड' म्हणजे ड्रेसिंग, वाचताना कळलं, पुढं गेलो. पण पेशंटला 'मी ड्रेसिंग बदलते' सांगायचं तर 'इश वेक्सलं डेन फेअरबांड', म्हणजे क्रियापद आठवा, 'फेअरबांड'च्या आधी लागणाऱ्या 'डेअर'चं 'डेन' करा, आणि ते पण समोरचा बघत असताना. एवढी ओढाताण झालेला शब्द सहजासहजी विसरत नाही.

लिहिण्याचंही तसंच. २००१ मध्ये हुल्स्टाइन आणि लाउफर या भाषा-अभ्यासकांनी नेदरलँड्स नि इस्राएलमध्ये बघितलं, नवे शब्द वापरून मजकूर लिहिणाऱ्यांना ते नुसतं वाचणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहिले. आता लिहिणाऱ्यांना वेळही जास्त मिळाला होता, ते पण सांगायला पाहिजे.

बाळाचं राहू द्या, ते गप्प कुठं बसतं, दिवसभर बडबडत असतं.

'लगेच वापरू नका' यात मात्र थोडं तथ्य आहे. शब्द पहिल्यांदाच दिसला आणि लगेच त्याचं वाक्य करायला लावलं तर शब्दच नीट बसत नाही, हे बारक्रॉफ्टच्या २००४ च्या अभ्यासात दिसलंय. फोल्सच्या २००६ च्या अभ्यासात तर एकदा स्वतःचं वाक्य लिहिण्यापेक्षा तीनदा गाळलेल्या जागा भरणं सरस ठरलं. म्हणजे शब्द आधी दोनचारदा भेटू द्या, मग वापरा, परत परत वापरा, आणि चूक दाखवणारं कुणीतरी जवळ ठेवा. त्यासाठी सहा महिने कशाला, आठवडापण खूप झाला.

आणि गोएथे संस्थेच्या बी-वन या जर्मन परीक्षेत लिहिणं नि बोलणं हे दोन वेगळे भाग असतात, ते मेसेजवाल्यानं सांगितलंच नाही.