बिनसरकारी बिल्ले जमवायचेत? मग आधी कात्री घ्या

लढाईतल्या अमेरिकी सैनिकांच्या खांद्यावरचे कापडी बिल्ले जमवायचा नाद लागला असेल, तर अभिनंदन. त्यातही तुम्ही बिनसरकारी बिल्ल्यांकडे वळलात हे फारच शहाणपणाचं. सरकारी बिल्ल्याला मंजुरीचा कागद असतो, ठरलेलं चित्र असतं, ठरलेले रंग असतात. थापा मारायला जागाच उरत नाही. मे १९४४ मध्ये ब्रह्मदेशातली मिचिनाची धावपट्टी घेणाऱ्या मेरिल्स मरॉडर्स या अमेरिकी तुकडीने मात्र आपला बिल्ला आपणच ठरवला. सूर्य, तारा, वीज. लष्कराची मंजुरी नाही, म्हणून पक्का नमुना नाही. त्या आघाडीवरचे कितीतरी बिल्ले भारतातल्या कारागिरांनी हाताने, जरीत भरून दिले. दोन सारखे सापडणं कठीण. म्हणजे तुमच्याकडचा कशाशीच जुळत नसेल, तर तो हमखास अस्सल!

बिल्ल्याची मागची बाजू पाहू नये. टाके, धागे, गाठी सगळं मागेच असतं आणि त्याने मन कलुषित होतं.

यूव्ही टॉर्चखाली दोरा आजच्या दोऱ्यासारखा निळाभोर चमकला, तर ‘नंतर कुणीतरी डिटर्जंटने धुतला असेल’ म्हणावं. (तसं खरोखर होतं, हीच तर सोय.)

फारच नवा दिसला तर चहाच्या पाण्यात भिजवावा.

व्हिएतनामचे बिल्ले तर पर्वणीच. सायगावच्या शिंप्यांनी सैनिकांना खरे बिल्ले शिवून दिले आणि युद्ध संपल्यावर त्याच शहरात ते पर्यटकांसाठीही शिवले गेले. तुम्ही एक कवटी निवडा, खाली काहीतरी भयंकर लिहा. नोंद कुठेच नाही, अशी शंका कुणी काढलीच तर आवाज खाली आणून ‘गुप्त मोहीम’ म्हणा. १९६४ साली उभी राहिलेली एमएसीव्ही-एसओजी ही व्हिएतनाममधली अमेरिकी तुकडी खरंच गुप्त होती, बिचारी. तिच्या नावावर आज इतके बिल्ले विकायला आहेत, की ती माणसं लढायचं सोडून शिवणकामालाच बसली होती असं वाटावं.

आता मुख्य धडा. जाकिटावर शिवलेला बिल्ला सापडला, तर तो ताबडतोब कापून काढा. हा धडा परवाच एका विक्रेत्याने मला दिला. त्याच्या पहिल्या फोटोत अख्खं आयझेनहॉवर जाकीट, म्हणजे अमेरिकी सैनिकांचं आखूड लोकरी जाकीट होतं. डाव्या खांद्यावर चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचा जरीचा बिल्ला, उजव्या खांद्यावर मरॉडर्सचा. युद्धातल्या आधीच्या तुकडीचा बिल्ला उजवीकडे लावायची मुभा १९४५ साली मिळाली होती. त्यामुळे हा माणूस आधी कुठे लढला नि मग कुठे गेला, हे जाकीटच सांगत होतं. डाव्या बाहीवर परदेशातल्या सेवेच्या पट्ट्या, सहा महिन्यांना एक. उजव्या खिशावर लष्करातून मोकळं झाल्याचा गरुड. आत कपडा कुणाचा ते सांगणारी धोबीखूण: आडनावाचं पहिलं अक्षर आणि सेवाक्रमांकाचे शेवटचे चार आकडे.

मी किंमत विचारली, अस्तराचा स्पष्ट फोटो मागितला. उत्तर आलं, ‘बिल्ले सुटे करतोय, सुट्यांना जास्त पैसे येतात.’ सगळं एकत्र घेतो म्हटलं, हवे तितके सांगा म्हटलं. दुसऱ्या दिवशी बिल्ले वेगवेगळे विकायला! मरॉडर्सच्या बिल्ल्याला जाकिटाचं लोकरी कापड अजून चिकटलेलं. गरुडसुद्धा उसवलेला, जो ढिगाने मिळतो आणि ज्याला कुणी विचारत नाही! आणि ते जाकीट? ‘नाटकात वापरायला उत्तम.’

अरे, बिनसरकारी बिल्ल्याला दुसरा पुरावा असतो कुठे? मंजुरी नाही, नमुना नाही, कारागिराचं नाव नाही. ते जाकीट हाच त्याचा कागद होता आणि तो तू कात्रीने फाडलास. आता हा बिल्ला चहात भिजवलेल्या बिल्ल्याशेजारी ठेवला, तर कुणी कशावर विश्वास ठेवायचा?

आणि घेणाऱ्यांनो, तुम्हीही साळसूद बनू नका. सुटा बिल्ला चौकटीत शोभतो म्हणून जास्त पैसे तुम्ही मोजता, म्हणून याची कात्री चालते. कडेला जाकिटाचं ताजं कापड दिसत असताना घेताच कसा? विचारत का नाही की बाकीचं कुठे गेलं?

निदान धोबीखुणेचा जुना फोटो तरी पाठव, असं मी त्याला लिहिलं. म्हणे, डिलीट केला. जाकीटही गेलं होतं. एक अक्षर आणि चार आकडे होते रे, तेवढे तरी लिहून ठेवायचे!