'सैल शिस्त' कसली?

अमेरिकन फुटबॉलचे कॉलेज कोच जॉन गॅग्लिआर्डी यांच्या सरावात 'शिस्त सैल होती' हे तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. शिट्टी नाही, सरावात टॅकल (समोरच्याला धरून पाडणं) नाही, 'कोच' न म्हणता नुसतं 'जॉन' म्हणायचं, हे सगळं खरं. पण सैल शिस्तीवर ४८९ सामने जिंकता येतात होय? टॅकल टाळायचं कारण साधं: सामन्याच्या दिवशी पोरं धडधाकट हवीत.

आणि त्यांची सुरुवात का गाळलीत? १९४३ साली शाळेचे कोच सैन्यात गेले, म्हणून सोळा वर्षांचा हा खेळाडूच कोच झाला. खेळाडूंना काय नकोसं वाटतं हे त्याला वेगळं कळायची गरजच नव्हती! आमच्या कॉलेजात कबड्डीच्या सरावातच निम्मा संघ गुडघे धरून बसायचा. सरांची शिट्टी मात्र जोरात.