परवाने वाटले म्हणून नव्हे, रखडवले म्हणून

‘न्यूयॉर्कने गांजाचे परवाने खिरापतीसारखे वाटले, तेही शिक्षा झालेल्या गुन्हेगारांना, म्हणून तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं उगवली, परवाना पद्धतच बंद करा’ असा मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय. यातली दुकानं खरी, कारण मात्र साफ उलटं.

खिरापत कसली? न्यूयॉर्क राज्यात गांजा कायदेशीर करणाऱ्या कायद्यावर सही झाली ३१ मार्च २०२१ ला. तेव्हापासून प्रौढांनी तीन औंस, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम गांजा जवळ बाळगणं गुन्हा राहिलं नाही. पण पहिलं परवानाधारक दुकान न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटनमध्ये उघडलं २९ डिसेंबर २०२२ ला, आणि २०२३ सरताना अख्ख्या राज्यात अशी दुकानं होती चाळीसेक. बाळगायला मुभा, घ्यायला जागा नाही! ती पोकळी बिनपरवाना दुकानदारांनी भरली. अधिकृत दुकानाच्या काचेवर राज्याचा क्यूआर कोड असतो. तो यांच्याकडे नव्हताच.

‘गुन्हेगारांना’ हा शब्द तर मला फार लागला. अट अशी होती: अर्जदाराला किंवा त्याच्या जवळच्या नातलगाला गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली हवी आणि नफ्यातला धंदा चालवल्याचा अनुभवही हवा. दुसरी अर्धी अट मजकुरात गायब आहे. बंदीच्या काळात पोलिसांचा बडगा सर्वांत जास्त बसला तो कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लोकांच्या वस्त्यांवर. कायदेशीर धंद्यात पहिली संधी त्यांनाच मिळावी, यात मला काहीच वावगं दिसत नाही. उलट हाल त्यांचेच झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये या परवान्यांना कोर्टाची स्थगिती आली आणि गाळ्याचं भाडं भरत कित्येक जण महिनोन् महिने बंद दारापाशी बसून राहिले.

नियमांत घोळ झाले, हे मान्यच. शाळेपासून ५०० फुटांच्या आत दुकान नको. परवाने देणाऱ्या राज्याच्या कार्यालयाने हे अंतर शाळेच्या दारापासून मोजलं. कायद्याप्रमाणे ते आवाराच्या हद्दीपासून हवं होतं. २०२५ मध्ये चूक उघड झाली आणि शंभरावर दुकानदार अडचणीत आले. चूक कार्यालयाची, टांगती तलवार आली त्यांच्या डोक्यावर. सुधारायचं असतं ते असलं काही.

सरसकट परवाने खरोखर वाटले ते अमेरिकेतल्याच ओक्लाहोमा राज्याने. २०१८ पासून, औषधी गांजासाठी, २,५०० डॉलर शुल्क आणि संख्येला मर्यादाच नाही. दुकानं दोन हजारांवर गेली, तेव्हा २०२२ मध्ये नवे परवाने थांबवावे लागले. न्यूयॉर्क शहरात २०२४ मध्ये पालिकेला बेकायदा दुकानांना टाळं ठोकायचा अधिकार मिळाला आणि काही महिन्यांतच हजारावर दुकानं बंद झाली. परवाना पद्धत तेव्हाही चालूच होती.