गोळाफेकीचा व्हिडिओ काढतो, मग पेपर सोडवतानाचा का नाही?

दिवाळीत गावी, औसा तालुक्यात गेले होते. माझा चुलतभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. सोयाबीन निघालेल्या रानात पोरं सव्वासात किलोचा गोळा फेकत होती आणि एकजण मोबाईलवर शूटिंग घेत होता. फेक झाली की सगळे डोक्याला डोकं लावून बघायचे. भाऊ म्हणला, "ताई, फेकताना वाटतं सगळं बरोबर चाललंय. व्हिडिओत कळतं कोपर खाली पडतंय."

ते वाक्य लातूरला परत येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

तीन वर्षं मी इथल्या अभ्यासिकेत बसून एमपीएससीच्या संयुक्त गट-ब परीक्षेची तयारी करतेय. सराव पेपर किती सोडवले याची मोजदाद नाही. लातूर पॅटर्नचं नावच झालं ते सराव परीक्षांमुळे. पण पेपर झाल्यावर आम्ही करतो काय? उत्तरतालिकेवरून मार्क मोजतो, चुकलेल्या प्रश्नाचं पुस्तकातलं पान वाचतो, आणि उरलेल्या चुकांना 'सिली मिस्टेक' म्हणून सोडून देतो. तो एक तास नेमका कसा गेला, हे मात्र कुणीच बघत नाही.

पुढच्या रविवारी रूमवर मी गावाकडून एसटीत आलेल्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला. पेपर, हात आणि भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा. पूर्वपरीक्षेचा हिशोब तुम्हाला माहीतच आहे. 100 प्रश्न, 60 मिनिटं, एका चुकीला पाव गुण वजा. म्हणजे प्रश्नाला 36 सेकंद, आणि ओएमआरवर, म्हणजे उत्तरपत्रिकेवर, गोल भरणंही त्यातच आलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ लावला आणि दहा मिनिटांत बंद केला. स्वतःला असं चाचपडताना बघवत नाही, खरंच. संध्याकाळी पुन्हा लावला, पेपर समोर घेतला आणि प्रत्येक प्रश्नापुढे लागलेला वेळ लिहीत गेले.

काळ-काम-वेगाच्या एका गणितावर मी 3 मिनिटं 10 सेकंद बसले होते. आणि ते गणित बरोबर आलं होतं! उत्तरतालिकेत त्यापुढे बरोबरची खूण. पण पाच प्रश्नांचा वेळ त्या एका गुणात गेला, आणि शेवटचे नऊ प्रश्न मी वाचलेसुद्धा नव्हते. त्यातले सहा राज्यघटनेचे, जो माझा सगळ्यात पक्का विषय. उत्तरतालिकेत ते फक्त 'सोडवले नाहीत' एवढंच दिसतं. ते का राहिले हे मला व्हिडिओनं दाखवलं.

दुसरं, 'अयोग्य विधान ओळखा'. बोट अजून प्रश्नाच्या पहिल्या शब्दावर आणि पेन पर्यायांवर पोचलेलं. चारपैकी तीन प्रश्नांत तेच. तीन वर्षं ज्याला सिली मिस्टेक म्हणत आले, ती माझी सवय होती. आता 'अयोग्य' हा शब्द दिसला की आधी त्याला गोल करते, मगच पुढे वाचते.

गोल भरायचं सगळं शेवटच्या सहा मिनिटांवर टाकलेलं, त्यात हात थरथरतोय हेही दिसलं. बॉलपेननं भरलेला गोल खोडता येत नाही. आता प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की लगेच गोल भरते.

व्हिडिओनं न वाचलेलं काही येत नाही, हे खरं. पण आपल्या भागातल्या पोरापोरींना मी फार जवळून बघते. दोन-तीन गुणांनी कट ऑफ हुकला की म्हणतात, नशीबच नाही, किंवा आपल्याला डोकंच नाही. घरी सोयाबीनच्या भावाची चिंता, त्यातून रूमचं भाडं निघतं. अशा लेकराला आपलं नशीब म्हणजे एका गणितावर घालवलेली तीन मिनिटं आहेत हे डोळ्यांनी दिसलं, तर केवढं ओझं उतरेल!

आईबापांना मात्र हात जोडून सांगते, हा व्हिडिओ तुम्ही मागू नका. माझ्या ओळखीतल्या, नीट या मेडिकल प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या आईला क्लासमधून सराव परीक्षेचं थेट दृश्य मोबाईलवर दिसायचं. घरी आल्यावर पहिला प्रश्न, "अर्धा तास इकडंतिकडं का बघत होतीस?" ती मुलगी पेपर सोडवायचं सोडून कॅमेऱ्याकडंच लक्ष द्यायला लागली. स्वतःचा व्हिडिओ स्वतः बघणं आणि दुसऱ्यानं पाळत ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो ऑनलाइन टाकायच्याही भानगडीत पडू नका. नाहीतर तासभर आपण लोकांना दाखवण्यासाठी बसतो.

करणार असाल तर मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, व्हिडिओची क्वालिटी कमी ठेवा, नाहीतर मेमरी लगेच भरते. चेहरा आला नाही तरी चालेल, हात आणि घड्याळ आलं पाहिजे. ओएमआरची झेरॉक्स वापरा. वेळा वहीत उतरवल्या की मी व्हिडिओ डिलीट करते. वहीत आता अकरा रविवार झालेत. परवाच्या पेपरात दोनच प्रश्न वाचायचे राहिले, आणि दोन्ही गणिताचे.